निळ्या दोऱ्याचं पातेलं

घरात चूल एकच होती, पण पळ्या दोन झाल्या, त्या दिवसापासून थोरलीच्या घशाखाली घास सरळ उतरला नाही.

दुसरी पळी धाकटीची. दांड्याच्या भोकातून निळा दोरा ओवलेली. तसाच एक दोरा तिच्या पातेल्याच्या कडीला आणि एक सुरीच्या मुठीला. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं ते दोरे बांधले होते, आणि तेही भांडणानं नाही. उलट थोरलीचा हात हातात घेऊन म्हणाली होती, "ताई, माझी एवढी तीन भांडी वेगळी ठेवते हं. राग नका मानू. तुमच्या भांड्यांत काही वाईट नाही, माझंच मन तसं घडलंय."

इतक्या गोड बोलण्याचा राग मानायचा तरी कसा, याचाच थोरलीला राग आला.

दोघींचा देव एकच. क्रूसही एकच. पण धाकटी शनिवारच्या मंडळीतली. त्यांच्यात शनिवार पाळतात आणि डुकराचं मांस शिवत नाहीत. ज्या जनावराचे खूर दुभंगलेले पण जे रवंथ करत नाही, ते वर्ज्य, असं त्यांना लहानपणापासून पाठ असतं. थोरलीचं सासर रविवारचं. "देवानं सुटी एकच घेतली होती," थोरली नवऱ्याला म्हणायची, "आपल्या घरानं दोन धरल्या." नवरा हसायचा आणि रंधा पुढं ढकलायचा. त्याला हसायला काय जातंय? त्याच्या रंध्यावर कोणी दोरा बांधला नव्हता.

खाली दोघा भावांचा सुतारकामाचा कारखाना, वर घर. लाकडाचा भुसा जिना चढून स्वयंपाकघरापर्यंत यायचा. जेवणाचं लांब टेबल सासऱ्यांनी हयात असताना एकाच फळीतून काढलेलं. त्याच्या चुलीकडच्या टोकाला थोरली बसायची आणि तिच्या उजव्या हाताला सासूबाई. अठरा वर्षं. कारखान्यातल्या सगळ्या खुर्च्यांना पॉलिश थोरलीच करायची, तेव्हा सासूबाईंच्या खुर्चीचा पाय न् पाय तिच्या बोटांना पाठ होता. डावा मागचा पाय किंचित आखूड. त्याखाली तिनंच एक चकती चिकटवलेली.

आता ती खुर्ची तिथं नव्हती. सहा महिन्यांपूर्वी सासूबाईंना जिन्यावर चक्कर आली. धाकटी दवाखान्यात नर्स. तिनं तिथंच पायरीवर बसवून त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि तोंडातून चकार शब्द न काढता रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, चरबी तोडायला सांगितली आणि डुकराचं मांस तर पूर्ण बंद. दोनेक आठवड्यांनी एका रविवारी सासूबाईंनी आपली खुर्ची स्वतः ओढत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली, धाकटीच्या शेजारी. निळ्या दोऱ्याच्या पातेल्यातलं जेवायला.

जमिनीवर चार फिकट ठिपके राहिले. थोरली रोज केर काढायची आणि त्या ठिपक्यांपाशी केरसुणी थांबायची.

तिचा देव आणि यांचा डॉक्टर एकाच ताटात जेवायला बसले, ती मनात म्हणायची, आणि मी तेवढी परकी झाले.

थोरलीची आई दळताकांडता ओव्या रचायची. थोरलीला दळण नव्हतं, पण पॉलिशचा बोळा फिरवताना ओठांवर ओळी यायच्या. हल्ली एकच येत होती:

*सासू माझी सावली, दारात पडे एक,*
*तिच्याखाली दोघी उभ्या, मी सून, ती लेक.*

खाटकाकडंही तेच. शनिवारी सकाळी ती गेली की तो तराजूत न बघता तुकडा टाकायचा. त्या शनिवारी त्यानं सुरी हवेतच धरली. "काय वहिनी, परत अर्धंच? घरातली माणसं कमी झाली की दात?"

"तोंडं कमी झाली," थोरली म्हणाली.

"अहो, धाकटीनं पाळलं तर पाळलं. पण म्हातारीसुद्धा? माझ्या बापाच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. मानेजवळचा तुकडा त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचो." त्यानं कागद गुंडाळला. "तुमच्या धाकटीला सांगा, सगळेच रवंथ करायला लागले तर आम्ही काय गवत विकायचं?"

थोरली हसली. घरी येईपर्यंत हसू ओठांवरच वाळून गेलं.

ते मांस तिच्यासाठी नुसतं मांस नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड पाणी उकळता येत नव्हतं. पहिल्या रविवारी तिनं सासरच्या पंधरा पाहुण्यांसमोर भांडं करपवलं. घरभर धूर. ती दाराआड उभी होती, आणि सासूबाई पाहुण्यांपुढं उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "माझ्याच हातून करपलं बाई. वय झालं आता." वय कसलं, तेव्हा चाळिशीच्या जेमतेम पुढं होत्या. पुढच्या शनिवारी त्यांनी तिला शेजारी उभं केलं. मीठ कसं चोळायचं, लसूण कधी, मिरं कधी, चरबी कशी मंद आचेवर वितळू द्यायची आणि उरलेली पांढरी चरबी डब्यात कशी भरायची, पुढच्या फोडणीला चमचाभर. "घाई करायची नाही, पोरी," त्या म्हणाल्या होत्या. "चरबी आपली आपण बोलायला लागते. ऐकायचं."

*पोरी.* अठरा वर्षं त्या तिला तसंच म्हणत होत्या. धाकटी आली आणि एका सकाळी त्यांच्या तोंडून निघालं, "थोरली, जरा चहा ठेव." पोरी हा शब्द टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेला तो गेलाच. पुढं खुर्चीही त्याच्या मागोमाग गेली.

त्या रविवारी सगळे चर्चमधून परतले. भाऊ खाली कारखान्यात कसलंसं माप बघायला थांबले. धाकटीची प्रार्थना शनिवारीच झालेली, त्यामुळं ती घरीच होती. तिनं घेवड्याचे दाणे शिजत ठेवले होते. थोरली वर आली तेव्हा ती पदराला हात पुसत म्हणाली, "ताई, माझ्या पातेल्याकडं जरा बघाल? खाली लागेल. मी आईंना जिन्यावरून घेऊन येते."

"जा," थोरली म्हणाली.

आपल्या भांड्याचं झाकण तिनं काढलं. सकाळी मंद आचेवर ठेवलेलं मांस छान सुटलं होतं, चरबी बारीक आवाजात बोलत होती. शेजारच्या आचेवर निळ्या दोऱ्याचं पातेलं. आत पांढरे दाणे, पाणी, थोडा कांदा. अळणी. आजाऱ्याचं जेवण.

जिन्यात पावलं थांबली. सासूबाई दम खायला थांबल्या असणार. मग काहीतरी बोलणं, आणि दोघींचं हसू. सासूबाईंचं ते हसू, ज्यात त्या शेवटी खोकतात. थोरलीला ते हसू गेल्या सहा महिन्यांत एकदाही मिळालं नव्हतं.

"सावकाश गं, पोरी," जिन्यातून आवाज आला. "मला काय पळवून नेतेस?"

थोरलीचा हात फळीवरच्या डब्याकडं गेला. झाकण निघालं. चमचा बुडाला, पांढरा गोळा घेऊन वर आला, आणि निळ्या दोऱ्याच्या पातेल्यात उतरला. एकदा ढवळलं. आपल्याच पळीनं. चरबी वितळली, पाण्यावर तिच्या सोनेरी टिकल्या झाल्या, मग त्याही दिसेनाशा झाल्या.

काय हवं होतं तिला? विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. एवढंच डोळ्यांपुढं होतं, की सासूबाई घास घेतील, थांबतील आणि म्हणतील, "आज काय चव आलीय!" आणि ती चव कोणाची हे टेबलावर एकटीलाच माहीत असेल. त्याच्या पुढं तिचं मन गेलंच नव्हतं. तेच पातेलं धाकटीच्याही ताटात रिकामं होणार, हे तिला तेव्हा आठवलं नाही, की तिनं आठवू दिलं नाही, देव जाणे.

धाकटी खाली जाऊन दोघा भावांना जेवायला बोलावून आली. सगळे बसले. थोरल्यानं डोळे मिटून प्रार्थना म्हटली. धाकट्यानं बायकोसमोर शहाण्यासारखं घेवड्याचे दाणे वाढून घेतले. त्यानं लग्नानंतर डुक्कर सोडलं होतं, म्हणजे टेबलावर सोडलं होतं. खाली कारखान्यात भावाच्या डब्यातला कडक पापुद्रा रोज कोण पळवतं, हे थोरलीला ठाऊक होतं.

धाकटीनं सासूबाईंना वाढलं. मग स्वतःला.

सासूबाईंनी पहिला घास घेतला.

त्या थांबल्या. जबडा हलायचा थांबला. डोळे मिटले. थोरलीनं त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पाहिलं, की तिला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं. उपाशी माणसाला कोणी जेवायला हाक मारावी तसा तो चेहरा होता. मग डोळे उघडले. लांब टेबलाच्या त्या टोकाहून या टोकापर्यंत, सगळ्या ताटांवरून, नजर सरळ थोरलीवर आली आणि तिथंच राहिली.

धाकटीचा चमचा ओठांशी पोचला होता.

"थांब." सासूबाईंचा हात तिच्या मनगटावर पडला. चमचा ताटात सांडला. "खाऊ नकोस ते. कोणीच खाऊ नका. अरे धाकट्या, तूही ठेव ते ताट खाली. खारट झालंय."

"खारट? मी तर चिमूटभरच…"

"मी टाकलं. तू खाली या दोघांना हाक मारायला गेलीस ना, तेव्हा. जीभ मेली ऐकत नाही. मूठभर टाकलं."

"आई!" धाकटीचा आवाज चढला. इतका कधी चढला नव्हता. "मीठ? मूठभर? मागच्या आठवड्यात आकडा किती आला होता, सांगितलं होतं ना मी तुम्हाला? मी दवाखान्यात दहा जणांना सांगते, माझी सासू कशी पाळते बघा, आणि तुम्ही चोरून मीठ टाकता?"

"चुकलं," सासूबाई म्हणाल्या.

"चुकलं काय? लहान आहात का?"

"नाही बाई. चुकलं म्हटलं ना."

त्यांनी मान खाली घातली. थोरलीच्या हातातला पाव तसाच राहिला. अठरा वर्षांपूर्वीचा धूर तिच्या नाकात भरला. दाराआड उभी असलेली ती, आणि पाहुण्यांपुढं उभी असलेली ही बाई. तेच. अगदी तेच.

धाकटीनं कोरड्या पावाबरोबर टोमॅटो खाल्ला आणि रागानं खोलीत निघून गेली. भाऊ खाली सटकले. वादळ दिसलं की सुतारांना नेमकं काम आठवतं.

"ते पातेलं इकडं आण," सासूबाई म्हणाल्या.

थोरलीनं आणलं. सासूबाईंनी झाकण काढून वास घेतला, आणि झाकण परत ठेवलं.

"मला ही चव कळणार नाही असं वाटलं तुला? मीच शिकवली तुला ती."

थोरलीनं पहिलं सापडलं ते हत्यार उचललं. "आपले पाळकच चर्चमध्ये सांगतात, आत जातं त्यानं माणूस विटाळत नाही. बाहेर येतं त्यानं…"

"हो ना? मग आज तुझ्यातून काय बाहेर आलं, ते बघ की."

थोरलीचा बांध फुटला. "तुम्ही खुर्ची नेलीत! एक शब्द बोलला नाहीत आणि खुर्ची ओढत नेलीत. अठरा वर्षं माझ्या उजव्या हाताला होतात तुम्ही. ते चार ठिपके मी रोज झाडते. तिला पोरी म्हणता. माझ्याशी हसत नाही. मी केलेल्याला हात लावत नाही, तो डॉक्टर म्हणाला म्हणून ठीक आहे, पण माझ्या शेजारी बसायलाही बंदी केली का डॉक्टरनं?"

सासूबाईंना हसू आलं, आणि ते मध्येच मोडलं.

"वेडे. तू झाकण काढतेस ना रविवारी, तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटतं. माणसासारखं नाही, कुत्र्यासारखं. पन्नास वर्षं खाल्लंय मी ते. तुझ्या शेजारी बसले असते तर तुझ्या ताटातला तुकडा उचलला असता. डॉक्टरांनी बंद केल्यावर एकदा उचललाही होता, तू पाणी आणायला उठलीस तेव्हा. मग त्या पोरीनं पट्टा बांधला आणि आकडा बघून ती पांढरी पडली. लाज वाटली मला. म्हणून पळून तिकडं बसले." त्यांनी डोळे पुसले. "तिच्यासाठी नाही गं गेले. तुझ्या ताटाला भिऊन गेले. तुम्ही सगळे चावता, आणि मी दाणे चघळत तुमची तोंडं बघते. जळते मी, कळलं?"

आपण ज्या टोकाकडं बघून जळत होतो, तिथून कोणी आपल्याकडं बघून जळत असेल, हे थोरलीच्या मनालाही शिवलं नव्हतं.

"आणि पोरी?" ती हळूच म्हणाली.

"थोरली म्हटलं तो मान दिला होता तुला."

"मला नको होता तो."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "तेही चुकलं माझं." त्यांनी पातेलं तिच्याकडं सरकवलं. "पण ऐक. तेव्हा भांडं करपलं ती चूक होती, म्हणून झाकली. ही चूक नाही. आज मी झाकलं ते तिचा घास वाचावा म्हणून, तुझ्यासाठी नाही. आता उरलेलं तू सांगायचंस. आत्ता. हे पातेलं घेऊन जा."

"ती मला कधी माफ करणार नाही."

"नाही केली तर नाही केली. तिचा घास होता तो."

स्वयंपाकघर ते धाकटीची खोली म्हणजे अकरा पावलं. थोरलीनं अकराही मोजली. दार उघडंच होतं. धाकटी पलंगावर बसून दवाखान्याचे मोजे जोडत होती.

"आईंनी मीठ नव्हतं टाकलं," थोरली दारातूनच म्हणाली. "मी चरबी टाकली होती. डब्यातली. मुद्दाम."

मोजा धाकटीच्या हातातून पडला. थोरली वाट बघत राहिली. रडेल, ओरडेल, देवाचं नाव घेईल. कशालाही तयार होती ती.

"आईंनी किती खाल्लं?" धाकटी म्हणाली.

"अं?"

"किती खाल्लं त्यांनी? एक घास की दोन?"

"एकच. एक घास."

धाकटी तिला ओलांडून धावली. हातात पट्ट्याची पेटी. सासूबाईंच्या दंडाभोवती पट्टा आवळला, फुगवला, आकड्याकडं बघत राहिली. आकडा ठीक होता. एका घासानं काय होणार, हे तिलाही माहीत असणार. पण पट्टा सोडताना ती रडायला लागली. आवाज न करता, शिकलेल्या नर्सा रडतात तशी. सासूबाईंनी तिचं डोकं जवळ घेतलं. थोरली पातेलं धरून उभी होती. त्या मिठीकडं बघताना तिला पहिल्यांदाच हेवा वाटला नाही. वाटली ती नुसती लाज, आणि ती हेव्यापेक्षा जड होती.

जरा वेळानं धाकटी उठली. थोरलीच्या हातातलं पातेलं घेतलं, सुरीनं कडीचा निळा दोरा कापला आणि पातेलं थोरलीच्या फळीवर, थोरलीच्या भांड्यांत ठेवलं.

"हे आता तुमचं," ती म्हणाली. "माझ्या कामाचं राहिलं नाही." आणि दोरा मुठीत घेऊन आत गेली.

त्या आठवड्यात ती थोरलीशी कामापुरतंच बोलली. गुरुवारी थोरली बाजारातून नवं पातेलं घेऊन आली. तेवढंच मोठं, तशाच कडीचं. निळा दोराही आणला होता. कडीत ओवून गाठ मारली आणि धाकटीच्या फळीवर ठेवलं. संध्याकाळी कामावरून आल्यावर धाकटीनं ते उचललं, उलटंपालटं करून बघितलं. मग थोरलीनं मारलेली गाठ नखानं सोडवली आणि तोच दोरा पुन्हा ओवला.

"गाठ माझी मी मारते, ताई."

"मार," थोरली म्हणाली. त्या 'ताई'वर तिला आठवडा काढता आला असता.

रविवार आला. थोरलीनं मांस शिजवलं, पण भांडं टेबलाच्या चुलीकडच्या टोकाला, भावांपुढं ठेवून दिलं आणि झाकण ठेवूनच दिलं. मग आपली खुर्ची उचलली. ओढली नाही, उचलली. दुसऱ्या टोकाला सासूबाईंच्या डाव्या हाताला आणून ठेवली; उजव्या हाताला धाकटीची खुर्ची होती. भावांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि धाकट्यानं घाईघाईनं ताटात तोंड खुपसलं.

"मला यातलं वाढशील?" थोरलीनं विचारलं.

धाकटी तिच्याकडं बघत राहिली. मग निळ्या दोऱ्याच्या पळीनं दाणे वाढले. एकच पळी.

थोरलीनं घास घेतला. चावला. गिळला. आणखी एक घेतला.

"चव नाही ना?" सासूबाई पुटपुटल्या, ओठ न हलवता.

"अजिबात नाही," थोरली तशीच पुटपुटली.

सासूबाईंना हसू फुटलं. तेच, ज्याच्या शेवटी त्या खोकतात. थोरलीही हसली, तोंडावर हात ठेवून. सहा महिन्यांचं साठलेलं हसू.

आणि मग तिला समोर धाकटी दिसली. पळी हातात धरून ती दोघींकडं बघत होती. ओठांवर हसू होतं, पण डोळे हसत नव्हते. ती नजर थोरलीच्या चांगलीच ओळखीची होती. गेले सहा महिने तिनं ती रोज स्वतःच्या पॉलिश केलेल्या लाकडात पाहिली होती.

"आम्ही तुझ्या घेवड्याला हसतोय," थोरली म्हणाली. "अळणी आहे. लपवायचं कशाला?"

"मला माहितीय," धाकटी म्हणाली. "मी पण रोज तेच खाते."

"मग उभी का? ये इकडं." थोरलीनं आपली खुर्ची सरकवली. सासूबाईंच्या डाव्या हातापासून जरा लांब, जेमतेम एक खुर्ची मावेल इतकी. लाकूड जमिनीवर घासलं, तिला नको असताना. तिथंही आता ओरखडा राहील, तिच्या मनात आलं.

धाकटी लगेच आली नाही. आधी तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं, दोऱ्याची गाठ बोटानं चाचपली. मग आपली खुर्ची घेऊन दोघींच्या मध्ये आली.